अनुभव आणि पारख : तोरणमाळपासून मोरवडपर्यंत

महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला, उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा आणि दक्षिणेकडची तापी यांच्या मधोमध सातपुड्याच्या रांगा पसरलेल्या आहेत, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा मुख्यतः याच टापूत वसलेला आहे. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर या सहा तालुक्यांचा इतिहास लिहिताना भिल्ल व पावरा समाजांचे जीवन, १९४२ चा लढा, जंगलाचे आणि धरणाचे प्रश्न यांची नोंद अभ्यासकांनी आवर्जून घेतली आहे. त्या मानाने या डोंगरांचा आणि नदीकाठांचा साधनेचा इतिहास, म्हणजे येथे कोण कशासाठी तपाला बसले आणि त्या तपातून जे हाती आले त्याचा अर्थ लोकांनी कसा लावला, हा विषय मागे पडला आहे. तोरणमाळचे गोरक्षनाथ मंदिर, प्रकाशाचा नदीसंगम, अस्तंब्याचे शिखर आणि तळोदा तालुक्यातील मोरवड ही चार स्थाने एकत्र पाहिली, तर भारतीय योगपरंपरेतील एका मूलभूत प्रश्नाची उत्तरे येथे वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या समाजांत शोधली गेल्याचे ध्यानात येते. साधना करताना डोळे मिटल्यावर जे तेज दिसते, कानांत जो नाद घुमतो, अंगात जो कंप सुटतो किंवा एखादे दैवी रूप समोर उभे राहते, त्याला किती महत्त्व द्यायचे, हा तो प्रश्न होय. परंपरेने असे अनुभव खोटे ठरवले नाहीत, मात्र त्यांना साधनेचा शेवटही मानले नाही. अनुभव येऊन गेल्यावर माणसाचे वागणे कसे बदलले, यावर तिने त्यांची किंमत ठरवली, आणि या भूप्रदेशाच्या इतिहासात त्याचे पुरावे ठळकपणे सापडतात.

डोंगर आणि संगम

अक्राणी तालुक्यातील तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून ११०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. यशवंत तलाव, सीताखाईची खोल दरी, मच्छिंद्रनाथांच्या नावाने ओळखली जाणारी गुहा आणि गोरक्षनाथांचे मंदिर ही तेथील प्रसिद्ध ठिकाणे असून, महाशिवरात्रीला भरणाऱ्या यात्रेसाठी महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश आणि गुजरातच्या सीमाभागातूनही भाविक घाट चढून येतात. या यात्रेत आदिवासी भाविकांची संख्या मोठी असते. ज्या संप्रदायाचे मूळ ग्रंथ संस्कृतात आहेत आणि ज्याची साधना गुरुमुखातूनच घ्यावयाची असा दंडक आहे, त्याचे दैवत डोंगरातल्या शेतकऱ्याने आणि मजुराने आपले मानले, हे नाथ संप्रदायाच्या प्रसाराचे वैशिष्ट्य तोरणमाळला स्पष्ट दिसते. नाथ म्हणजे शिवाला आदिगुरू मानून हठयोगाची, अर्थात शरीर आणि प्राण यांच्या नियमनातून मनाचा लय साधण्याची उपासना करणारे योगी. जातिभेद न मानणे आणि संसारी लोकवस्तीपासून दूर डोंगरात व गुहेत राहणे या त्यांच्या दोन्ही रीती सातपुड्याला मानवणाऱ्या होत्या.

तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे शहादा तालुक्यातील प्रकाशा हे गाव याहून पुष्कळ जुने आहे. भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये तेथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनच्या वसाहतींचे थर उजेडात आले. दक्षिण काशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात केदारेश्वर, काशीविश्वेश्वर आणि पुष्पदंतेश्वर ही शिवस्थाने आहेत, तर गौतमेश्वराच्या स्थानी गुरू सिंह राशीत गेला की दर बारा वर्षांनी सिंहस्थाची मोठी यात्रा भरते. प्रकाशा हे तीर्थ असल्यामुळे तेथे स्नान, श्राद्ध, दान आणि दर्शन या सर्वांसाठी खुल्या असलेल्या आचारांना महत्त्व आहे, तर तोरणमाळशी निगडित असलेली साधना एकांताची आणि दीक्षेची आहे. संगमावरचा यात्रेकरू पुण्य घेऊन घरी परततो आणि गुहेतला साधक स्वतःच्या चित्तातच प्रवास करतो, असा हा भेद असला, तरी दोघांनाही काहीतरी प्रत्यक्ष घडावे अशी ओढ असते. या ओढीला शास्त्राने कसे वळण दिले, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास नीट उमगत नाही.

शास्त्राने घातलेली मर्यादा

योगसाधनेतील अनुभवांची नोंद उपनिषदकाळापासून आढळते. श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात योग्याला प्रथम दिसणाऱ्या रूपांची यादी दिली असून तीत धुके, धूर, सूर्य, वारा, अग्नी, काजवे, वीज, स्फटिक आणि चंद्र यांचा समावेश आहे. ही रूपे ब्रह्माच्या प्रकटीकरणापूर्वी येतात, असे ते उपनिषद सांगते, म्हणजेच त्यांचे स्थान वाटेवरच्या खुणांचे आहे.

पतंजलीच्या योगसूत्रांत आणि त्यांवरील व्यासभाष्यात हा विचार अधिक काटेकोर होतो. चित्त म्हणजे मन, बुद्धी आणि अहंकार यांचे एकत्रित अंतःकरण. ते स्थिर करण्याच्या उपायांत पतंजलीने इंद्रियांच्या सूक्ष्म विषयांवर चित्त एकवटण्याचा एक उपाय सांगितला आहे. त्याचे स्पष्टीकरण करताना व्यास म्हणतात की नासिकाग्रावर धारणा केली असता दिव्य गंधाची, जिभेच्या टोकावर केली असता रसाची, टाळूवर रूपाची, जिभेच्या मध्यावर स्पर्शाची आणि जिभेच्या मुळाशी शब्दाची जाणीव होते. या अनुभवांचा उपयोगही भाष्यकाराने लगेच सांगितला आहे. शास्त्र, अनुमान आणि आचार्यांचा उपदेश यांतून कळलेली गोष्ट खरी असली तरी तिचा निदान एखादा अंश स्वतःच्या इंद्रियांना जाणवल्याशिवाय उरलेले सर्व परोक्ष वाटत राहते आणि श्रद्धा दृढ होत नाही. म्हणून अशा छोट्या अनुभवाने साधकाचा संशय फिटतो आणि तो पुढच्या कष्टांना तयार होतो. अनुभवाचे हे काम महत्त्वाचे असले तरी मर्यादित आहे, आणि ते झाल्यावर अनुभवाला कवटाळून बसण्याचे कारण उरत नाही.

पतंजलीने साधनेतील नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, मोजले आहेत. व्याधी, मनाचे जडत्व, संशय, प्रमाद आणि आळस यांच्याबरोबर भ्रांतिदर्शन, म्हणजे नसलेले दिसणे अथवा दिसलेल्याचा भलताच अर्थ लावणे, हाही त्यांपैकी एक आहे. साधनेच्या आरंभीच दृष्टिभ्रमाची शक्यता मान्य करून तिला आजार आणि आळस यांच्या पंक्तीला बसवणारे हे शास्त्र भाबडे नाही, हे येथे दिसून येते. विभूतिपादात दूरचे ऐकणे, दिव्य गंध-रसांची प्राप्ती वगैरे सामर्थ्यांचे वर्णन केल्यावर पतंजली तीच समाधीच्या वाटेतील विघ्ने असल्याचे बजावतो. बहिर्मुख मनाला जी सिद्धी वाटते, ती अंतर्मुख साधकाला मागे खेचते.

व्यासभाष्यातील एक प्रसंग या संदर्भात मार्मिक आहे. चार प्रकारच्या योग्यांपैकी मधुभूमिक नावाच्या दुसऱ्या पायरीवर पोहोचलेल्या साधकाला स्वर्गस्थ देव निमंत्रण देतात. येथे बसावे, येथे रमावे, हे जरामरण दूर करणारे रसायन घ्यावे, हे आकाशगामी यान वापरावे, अशी त्यांची विनवणी असते. साधकाने तेथे आसक्तीचे दोष आठवावेत असे सांगून भाष्यकार आणखी एक सूक्ष्म धोका दाखवतो. मोह टाळल्यावर, आपण एवढे मोठे झालो की प्रत्यक्ष देव आपली मनधरणी करतात, असा अभिमान मनात उठू शकतो, आणि त्या अभिमानाच्या पावलांनी सगळे क्लेश परत येतात. अनुभवाचा भोग आणि अनुभवाचा गर्व असे दोन वेगळे धोके या जुन्या भाष्याने ओळखले होते. त्यांतला दुसरा धोका पुढे मराठी संतांनी विशेष गांभीर्याने घेतला.

नाथांचा देहविचार आणि ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय

पतंजलीचा भर चित्तावर, तर नाथांचा देहावर. नाथमताप्रमाणे ब्रह्मांडात जे आहे ते सर्व पिंडात, म्हणजे शरीरात आहे, त्यामुळे शरीराचा तिरस्कार न करता तेच साधनेचे क्षेत्र मानावे लागते. गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या ‘सिद्धसिद्धान्तपद्धति’ या ग्रंथात नऊ चक्रे, सोळा आधार, तीन लक्ष्ये आणि पाच व्योमे अशी देहातील ध्यानस्थानांची मांडणी आहे. पाठीच्या कण्याच्या तळाशी सुप्त असलेली कुंडलिनी नावाची शक्ती जागी होऊन सुषुम्ना या मध्यनाडीतून मस्तकापर्यंत चढते, ही कल्पना या परंपरेने पुढे नेली आणि साधकांना येणाऱ्या शारीरिक अनुभवांना तिने एक नकाशा दिला.

पंधराव्या शतकातील स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’त हा नकाशा व्यवहाराच्या पातळीवर येतो. प्राणायामाच्या पहिल्या टप्प्यात घाम येतो, मधल्या टप्प्यात कंप सुटतो आणि उत्तम टप्प्यात स्थैर्य लाभते, असे तेथे सांगितले आहे. अंतर्नादाच्या बाबतीत आरंभी समुद्र, मेघ आणि भेरी यांच्यासारखे मोठे आवाज, मध्यावर मर्दल, शंख आणि घंटा यांचे, तर अखेरीस किंकिणी, बासरी, वीणा आणि भ्रमर यांच्यासारखे बारीक ध्वनी ऐकू येतात. मोठा नाद ऐकू येत असतानाही अधिकाधिक सूक्ष्म नादाकडे लक्ष न्यावे आणि शेवटी नादासह मनाचाही लय व्हावा, असा त्या विवेचनाचा रोख आहे. प्राणाशी घाई करणाऱ्याला उचकी, दमा, खोकला आणि डोके, कान व डोळे यांची दुखणी जडतात, असा स्पष्ट इशाराही तोच ग्रंथ देतो. साधनेत अंग थरथरले किंवा कानांत आवाज घुमला, तर तो टप्पा आहे की दुखणे आहे, हे साधकाला एकट्याला ठरवता येत नाही, आणि म्हणूनच नाथ परंपरेत गुरूवाचून साधना निषिद्ध मानली गेली.

महाराष्ट्रात हा विचार लोकभाषेत आला तो ज्ञानेश्वरांमुळे. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर अशी गुरुपरंपरा त्यांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी सांगितली असून, मत्स्येंद्रनाथांना सप्तशृंगीवर हातपाय तुटलेले चौरंगीनाथ भेटल्याचा उल्लेखही तेथेच आहे. खानदेशाच्या दक्षिण सीमेलगतच्या डोंगरातील सप्तशृंगी, निवृत्तिनाथांना गहिनीनाथांचा उपदेश मिळाला तो त्र्यंबकचा ब्रह्मगिरी आणि उत्तरेकडचा तोरणमाळ ही स्थाने ध्यानात घेतली, तर सह्याद्री आणि सातपुडा यांच्या दरम्यान नाथांच्या स्मृतींचा एक सलग पट्टा पसरलेला दिसतो.

शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीजागृतीचे वर्णन मराठीतील योगवाङ्मयाचे शिखर मानले जाते. जागी झालेली शक्ती देहातील पृथ्वी आणि जल ही तत्त्वे कशी ग्रासून टाकते, जुनी कांती जाऊन देहावर नवे तेज कसे येते, साधकाला समुद्रापलीकडचे कसे दिसते आणि मुंगीच्या मनातलेही कसे कळते, याचे चित्र तेथे विलक्षण तपशिलाने रेखाटले आहे. हे सामर्थ्य सांगून झाल्यावर ज्ञानेश्वर तेथे रेंगाळत नाहीत. शक्ती, प्राण आणि नाद हे सर्व ब्रह्मरंध्रात विरून गेल्यावरच साधनेची सांगता होते, असे ते दाखवतात. त्यानंतर अर्जुन विचारतो की हे कोणालाही साधण्याजोगे आहे की त्यासाठी काही योग्यता लागते, आणि या प्रश्नावरून विवेचन मोजका आहार, मोजकी झोप, मोजके बोलणे आणि नियमित कर्म यांच्याकडे वळते. सर्वांत अद्भुत अनुभवाचे वर्णन संपताच रोजच्या जेवणाझोपेचा विषय निघावा, ही मांडणी ज्ञानेश्वरांच्या योगदृष्टीचे सार सांगून जाते.

तापीकाठचा चांगदेव

सिद्धी आणि आत्मज्ञान यांतील अंतर मराठी मनावर कायमचे ठसवणारी कथा परंपरेने याच तापीच्या वरच्या अंगाच्या एका योग्याशी जोडली आहे. जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर तालुक्यात तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव नावाचे गाव असून तेथील हेमाडपंती मंदिर योगी चांगदेवांच्या नावाने प्रसिद्ध आहे. योगसामर्थ्याने चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून आणि हाती सापाचा चाबूक घेऊन निघालेला हा योगी ज्ञानेश्वरादी भावंडांच्या भेटीला आला, तेव्हा ती भावंडे बसलेली भिंतच त्याला सामोरी गेली, अशी आख्यायिका आहे. त्याआधी त्याने पाठवलेले पत्र कोरे होते, कारण वयाने लहान आणि ज्ञानाने मोठ्या व्यक्तीला मायना काय लिहावा हे त्याला सुचेना. चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई त्यावर म्हणाल्याचे सांगतात.

आख्यायिकेतील अद्भुत बाजूला ठेवले तरी, त्या पत्राचे उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी लिहिलेली ‘चांगदेव पासष्टी’ ही पासष्ट ओव्यांची रचना तत्त्वज्ञानाच्या इतिहासातील ठोस कागद आहे. पाहणारा, पाहण्याची वस्तू आणि पाहण्याची क्रिया या तिघांना मिळून त्रिपुटी म्हणतात. ही त्रिपुटी एकाच चैतन्याचा विलास असून ते चैतन्य स्वतःला पाहण्यासाठी दुसऱ्या कशाचीही अपेक्षा ठेवत नाही, हे या ओव्यांचे प्रतिपादन आहे. साधकाला आलेला कोणताही अनुभव, तो कितीही तेजस्वी असला तरी, पाहणारा आणि दिसणारे अशी फूट शिल्लक ठेवतो, आणि ती फूट आहे तोवर शोध संपत नाही, असा निष्कर्ष त्यातून निघतो. पुढे चांगदेवांनी मुक्ताबाईंना गुरू केले. सिद्धींचा एवढा मोठा धनी एका लहान मुलीच्या चरणी लीन झाला, ही घटना सिद्धीपेक्षा अहंकाराचा त्याग श्रेष्ठ असल्याची खूण म्हणून वारकरी परंपरेने जपली. इसवी सन १२९७ मध्ये याच परिसरात तापीतीरी विजेच्या कडकडाटात मुक्ताबाई गुप्त झाल्याचे मानतात.

नंतरच्या संतांनी हाच धागा पुढे नेला. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिताना पंधराव्या अध्यायातील सिद्धींचे वर्णन सविस्तर करून त्या भगवत्प्राप्तीच्या आड येतात हे परोपरीने पटवले, आणि रामदासांनी दासबोधात भूत, भविष्य व वर्तमान ठाऊक असणे म्हणजे ज्ञान नव्हे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. याउलट १८१९ मध्ये पूर्ण झालेल्या धुंडीसुत मालूंच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या चाळीस अध्यायांच्या ग्रंथाने नाथांच्या चमत्कारांना घरोघरी पोहोचवले. खानदेशातही ज्याचे पारायण होते त्या या ग्रंथातील नाथ प्रामुख्याने मंत्रविद्येचे स्वामी आहेत. तोरणमाळच्या यात्रेकरूच्या मनात हे दोन्ही नाथ एकत्र नांदतात. संकट निवारणारा सिद्ध आणि देहात मनाचा लय साधणारा योगी यांच्यात त्याला विरोध वाटत नाही, आणि लोकधर्माच्या दृष्टीने तो असण्याचे कारणही नाही.

शूलपाणीची झाडी आणि अस्तंबा

सातपुड्याच्या उत्तर उतारावर नर्मदेच्या दक्षिण काठाने पसरलेल्या घनदाट अरण्याला शूलपाणीची झाडी म्हणत. नर्मदेची परिक्रमा, जिला साधक परकम्मा म्हणतात, परंपरेप्रमाणे तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांत पायी पूर्ण करावयाची असते, आणि तिच्यातील सर्वांत खडतर टप्पा हाच होता. या झाडीत भिल्लांकडून परकम्मावासीयांचे सर्व सामान, अगदी अंगावरचे कपडेही काढून घेतले जात आणि परकम्मावासी ते मैयाची इच्छा म्हणून स्वीकारत, अशा हकिगती प्रवासवर्णनांतून वारंवार येतात. अपरिग्रह, म्हणजे काहीही जवळ न बाळगणे, हे योगाच्या यमांपैकी एक व्रत आहे, आणि झाडी ओलांडताना साधकाच्या त्या व्रताचा खरा कस लागे. पुढे सरदार सरोवराच्या जलाशयात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील तेहतीस गावे बाधित झाली, काठाची जुनी वाट पाण्याखाली गेली आणि दक्षिण तटावरच्या अनेक परकम्मावासीयांची वाट शहादा-प्रकाशा भागातून जाऊ लागली.

या वाटेशी अश्वत्थाम्याची कथा जोडलेली आहे. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तेलाची याचना करीत फिरणारा हा चिरंजीव महाभारतीय योद्धा याच डोंगरात वावरतो आणि वाट चुकलेल्यांना मार्ग दाखवतो, असा समज आहे. अक्राणी तालुक्यातील अस्तंबा हे त्याचे स्थान असून दिवाळीच्या सुमारास, धनत्रयोदशीच्या दरम्यान, तळोद्याकडून तरुण भाविकांचे जथे अवघड डोंगरवाट चढून त्या शिखरावर जातात. अरण्यात अनोळखी पुरुषाने वाट दाखवली आणि तो क्षणात दिसेनासा झाला, अशा अनुभवांच्या कथा परकम्मावासीयांत रूढ आहेत. अशा दर्शनाचा पुरावा मागणे ज्याप्रमाणे परकम्मावासीयाला गैरलागू वाटते, त्याचप्रमाणे त्याच्या बळावर मोठेपणा मिरवणेही त्याला अशोभनीय वाटते, आणि ही दुसरी गोष्ट परंपरेच्या शिस्तीतून आलेली आहे.

त्या शिस्तीचा आदर्श नंदुरबारच्या सीमेपलीकडे, गुजरातमधील नर्मदाकाठच्या गरुडेश्वर येथे आढळतो. सिंधुदुर्गातील माणगाव येथे १८५४ मध्ये जन्मलेले वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, यांनी १९१४ मध्ये तेथे देह ठेवला. दत्तात्रेयाचा आदेश प्रमाण मानून आयुष्यभर पायी भ्रमण करणाऱ्या या संन्याशाचे चरित्र अलौकिक प्रसंगांनी भरलेले असले, तरी त्यांची ओळख राहिली ती कडक आचार, अल्प परिग्रह आणि विपुल ग्रंथरचना यांमुळे. त्यांचे शिष्य गुळवणी महाराज यांनी लोकनाथ तीर्थांकडून शक्तिपात दीक्षा घेतली आणि पुण्याहून ती अनेकांना दिली. शक्तिपात म्हणजे गुरूने स्वतःच्या सामर्थ्याने शिष्याची कुंडलिनी जागी करणे. या मार्गात शरीराच्या आपोआप होणाऱ्या हालचालींना क्रिया म्हणतात, आणि त्या घडत असताना साधकाने साक्षी राहावे, त्या थोपवू नयेत, ओढून आणू नयेत आणि त्यांची चारचौघांत चर्चा करू नये, असा नियम आहे.

अंगात येणे आणि आप चळवळ

सातपुड्यातील आदिवासी समाजांत अलौकिक अनुभवाची एक स्वतंत्र परंपरा नाथांच्या शेजारीच नांदत आली आहे. भिल्ल आणि पावरा समाजांत बडवा किंवा भगत हा देवाचे म्हणणे लोकांपर्यंत पोहोचवणारा माणूस असतो. इंदलसारख्या पूजेत रात्रभर गायन चालते, देवाला मोहाच्या दारूची धार दिली जाते आणि अंगात वारे येऊन देव बोलतो. योग्याचा अनुभव एकांतातला असतो आणि त्यात जागृत साक्षित्वाला महत्त्व असते. बडव्याच्या अनुभवात माणूस काही काळ स्वतः बाजूला होतो आणि देवता सर्व गावाच्या देखत, गावाच्या आजारपणाविषयी आणि पिकापाण्याविषयी बोलते. या दोन्ही वाटा वेगळ्या असल्या, तरी दोन्हींकडे परीक्षा आहे. बडव्याचे बोलणे गावाच्या कामी आले नाही, तर त्याचा शब्द उरत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या अनुभवाला सामाजिक सुधारणेचे वळण मिळाले. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून सुरू होऊन डांग आणि सुरतेकडील आदिवासी मुलखात पसरलेल्या देवी चळवळीत अंगात आलेली देवी लोकांना दारू सोडण्याचा, रोज स्नान करण्याचा आणि स्वच्छ राहण्याचा आदेश देत असे. त्यानंतरच्या दशकात तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील मोरवड येथे भिल्ल समाजातील गुला महाराज यांनी आरतीचा प्रघात सुरू केला. दूरदूरच्या पाड्यांवरून स्त्री-पुरुष त्या आरतीला जमू लागले. दारू आणि मांस सोडणे, चोरी न करणे, स्नान व स्वच्छता पाळणे आणि लहानथोर, स्त्री-पुरुष अशा सर्वांना ‘आप’ म्हणून आदराने हाक मारणे, ही त्यांची शिकवण होती. यावरूनच या चळवळीला आप चळवळ हे नाव पडले. १९३८ मध्ये गुला महाराजांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी हे कार्य पुढे चालवले.

या शिकवणीचे वजन समजण्यासाठी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. मोहाची दारू ही देवपूजेचाच भाग असल्यामुळे ती सोडणे म्हणजे उपासनेची जुनी रीत बदलणे होते. सावकार, जमीनदार आणि सरकारी अंमलदार ज्यांना एकेरी हाक मारीत, अशा माणसांनी एकमेकांना आदरार्थी संबोधणे ही तर स्वाभिमानाची उघड घोषणाच होती. गुला महाराजांना अनुयायांनी दैवी पुरुष मानले, आरतीच्या वेळी अनेकांना भावावेश झाला, पण चळवळीची खूण म्हणून मागे राहिले ते व्यसनमुक्त घर आणि आदराची भाषा. शास्त्रातील यम, म्हणजे अहिंसा, सत्य, चोरी न करणे यांसारखी व्रते, अष्टांगयोगात ध्यानाच्या आधी येतात. मोरवडच्या आरतीने कोणतेही योगसूत्र न वाचता हाच क्रम लोकजीवनात आणला.

प्रयोगशाळा आणि ग्रंथालय

त्याच काळात तापीच्या खोऱ्यात या प्रश्नाचा आधुनिक अभ्यासही आकार घेत होता. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे प्रताप शेठ यांच्या उदार आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था उभी राहिली आणि वेदान्ताचे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाशी तौलनिक अध्ययन तेथे सुरू झाले. १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले जगन्नाथ गणेश गुणे हेच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून जगाला परिचित झाले. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास यांच्याकडे योगाचे शिक्षण घेतलेल्या या अध्यापकाने १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी पोटातील दाबात पडणारा फरक त्यांनी यंत्रांनी मोजला आणि क्ष-किरणांच्या साह्याने शरीरातील बदल तपासले. योग्याच्या देहात काय घडते हे मोजता येईल तेथे मोजावे, आणि जे मोजता येत नाही त्याविषयी अवास्तव दावे करू नयेत, अशी त्यांची भूमिका होती.

गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) यांनी दुसऱ्या बाजूने हाच विषय हाताळला. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रातील गूढवादावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी ज्ञानेश्वरांपासून रामदासांपर्यंतच्या संतांचे नाद, तेज आणि रूप यांचे अनुभव गंभीर तात्त्विक साधन म्हणून अभ्यासले. अशा अनुभवाला सार्वत्रिकता हवी, त्याला बुद्धीची आणि भावनेची बैठक हवी, आणि त्यातून नैतिक जीवन उंचावायला हवे, अशी निकषांची मांडणी त्यांनी केली. व्यासभाष्याने अभिमानाविषयी दिलेला इशारा, ज्ञानेश्वरांनी कुंडलिनीच्या पाठोपाठ घेतलेला मिताहार आणि मोरवडच्या आरतीने घडवलेले आचरण यांचेच सूत्र रानडे यांच्या नैतिक निकषात आधुनिक तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत उतरले आहे.

निष्कर्ष

या इतिहासातून निघणारे निष्कर्ष आजच्या साधकालाही उपयोगाचे आहेत. ध्यानात प्रकाश दिसणे, नाद ऐकू येणे, अश्रू वाहणे किंवा अंग थरथरणे या गोष्टी नव्या अथवा दुर्मीळ नाहीत, आणि परंपरेने त्यांची हजारो वर्षे नोंद ठेवलेली असल्यामुळे त्यांना घाबरण्याचे किंवा त्यांवरून स्वतःला सिद्ध समजण्याचे कारण नाही. त्यांतील काही अनुभव आजाराचेही असू शकतात, हे हठप्रदीपिका आणि योगसूत्रे दोन्ही मान्य करतात. त्यामुळे झोप उडाली, भीती दाटली किंवा कामकाज सुचेनासे झाले तर साधना थांबवून जाणत्या गुरूचा आणि वैद्याचाही सल्ला घेणे हे शास्त्राला धरूनच आहे. अनुभवाचा बाजार मांडणाऱ्या, सिद्धीचे आमिष दाखवून शिष्य जमवणाऱ्या माणसापासून दूर राहण्याचे बळही हीच परंपरा देते, कारण तिने अशा सामर्थ्याला प्रथमपासून विघ्न म्हटले आहे.

नंदुरबारच्या भूमीने या विचाराला घातलेली भर विशेष मोलाची आहे. शास्त्राने वैयक्तिक साधकापुरती सांगितलेली पारख येथे समाजाच्या पातळीवर वापरली गेली. गुहेतल्या योग्याचा अनुभव त्याच्या शांतीवरून ओळखावा, हे नाथांनी आणि संतांनी शिकवले, आणि एका समाजाचा अनुभव त्यातील माणसे एकमेकांना किती मान देतात यावरून ओळखावा, हे आप चळवळीने दाखवले. योगाचा इतिहास लिहिताना काशी, हृषीकेश आणि आळंदी यांच्याबरोबर मोरवडचीही नोंद व्हायला हवी, कारण ज्यांच्यापर्यंत ग्रंथ पोहोचलेच नव्हते त्या माणसांनी या परंपरेतील सर्वांत अवघड अट, म्हणजे अनुभवाचे आचरणात रूपांतर करण्याची अट, येथे पुरी केली.